माझ्यात आधी मांदेलीच अडकली

मित्रांनो, मी एक जुना उंदरांचा पिंजरा आहे. नाक मुरडू नका हं! माझ्यात आजवर कुणाचाही जीव गेलेला नाही. उलट एकीचा वाचला आहे, आणि तेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म वेवजीचा. लहान्या नावाच्या कारागिराने लाकडी फळीवर तारा ओवून मला उभं केलं आणि घूसही मावेल एवढं पोट दिलं. तळासरीच्या बाजारात सुकी मासळी विकायला आलेल्या डहाणूच्या पुतळीने मला उचललं. ओंजळभर सुकटीच्या बदल्यात मी तिच्या टोपलीत! एवढीच का हो माझी किंमत? पण लहान्या तिला म्हणाला, "बाय, हा मारत नाय, नुसता धरतो. धरला का लांब माळावर सोड." तेव्हा कुठे माझी छाती फुगली.

२०१६चा पावसाळा होता. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. पुतळीच्या नवऱ्याची, नारूची जाळी घरात कोपऱ्यात पडली होती आणि उंदीर ती रोज कुरतडत होते. नारू भडकला. "पुनवेनंतर दर्यात काय तुझं लुगडं टाकू?" असं म्हणत त्याने उंदरांच्या विषाची पुडी आणून वाशाला खोचली.

त्यांची लेक, पूर्वी तिचं नाव, रडकुंडीला आली. तिची पिवळीधमक मांजर मांदेली गाभण होती. विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला तर?

"बाबा, आधी पिंजरा लावून बघू ना!"

नारू विरघळला. "बरं. पण नारळी पुनवेपर्यंतच. मग माझं औषध."

पुतळीने घरातला सर्वांत चांगला सुका बोंबील माझ्या आकड्याला लावला. सकाळी दार पडलेलं! सगळे धावले. आत कोण? मांदेली! बोंबील फस्त करून मिशा चाटत बसलेली. दुसऱ्या सकाळीही तीच, आणि नंतरही तीच. शेजारची जानी हसून हसून बेजार झाली. "पुतळे, तुझ्या घरचे उंदीर म्याँव करतात गं!" मला तर तोंड लपवायला जागा उरली नाही. नारू मात्र हसला नाही. तो वाशाकडे बघत राहिला.

पुनव उद्यावर आली. ताटात पुन्हा बोंबलाचं कालवण बघून पूर्वीने तोंड वाकडं केलं.

"आई, परत बोंबील? कंटाळा आला!" आणि ती एकदम थबकली. "अगं आई, उंदरांनापण आला असेल!"

खरंच की! घरभर बोंबलांच्या उघड्या टोपल्या. मग एका बोंबलासाठी उंदीर माझ्या दारात कशाला येतील? पुतळीने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. करंज्यांसाठी फोडलेल्या नारळाचा एक तुकडा तिने चुलीवर खरपूस भाजून मला लावला. सगळे बोंबील झाकणाच्या डब्यांत गेले. मांदेलीने खोबरं हुंगलं आणि तोऱ्यात निघून गेली.

पुनवेच्या सकाळी माझ्यात एक गलेलठ्ठ उंदीर बसला होता! पूर्वी अंगणभर नाचली. नारूने स्वतः मला उचलून लांब माळावर नेलं आणि उंदराला सोडून दिलं. मग असेच आणखी काही उंदीर माळावर गेले. नारूने बिळं सिमेंट आणि तारेच्या जाळीने बुजवली, मासेमारीची जाळी दोरीवर उंच टांगली. विषाची पुडी त्याने न फोडताच दुकानात परत केली आणि तिच्याऐवजी माझ्या बिजागरीसाठी तेल आणलं. काय सांगू, मला किती बरं वाटलं!

म्हणून म्हणतो मित्रांनो, खाऊ झाकून ठेवा, भोकं बुजवा. विषाला उंदीर कोण आणि मांदेली कोण हे कळत नाही. आणि घरात आमच्यासारखा कुणी असेल तर त्याला गंजू देऊ नका.

मांदेलीला पुढे पिल्लं झाली. कुठे, सांगा बघू? माझ्या पोटात! पूर्वीने आत जुनी साडी अंथरली आणि माझं दार वर पक्कं बांधून टाकलं. दार सताड उघडं होतं, तरी एकही पिल्लू बाहेर जायला तयार नव्हतं.