शेवटच्या घरापर्यंत

महिन्याच्या पहिल्या बुधवारी बरोबर बाराला गावचा इशाऱ्याचा भोंगा चाचणीसाठी वाजायचा. वीस वर्षं हे काम ओल्डरिखकडे होतं. "सगळीकडे ऐकू आला," असं अहवालात तो सकाळीच लिहून मोकळा व्हायचा. शेवटच्या घरापर्यंत तंगडतोड कोण करणार?

आज त्याने बटण दाबलं, तर भोंगा गप्प. मोटार जळली होती. तेवढ्यात जिल्ह्याच्या कचेरीतल्या राद्काबाई गाडीतून उतरल्या आणि त्यांनी टेबलावरचा भरलेला कागद उचललासुद्धा.

"आता इशारा मोबाइलवर द्यायचाय," त्या म्हणाल्या. "पण भोंगा कुठवर पोचतो ते आधी बघू. चला, शेवटच्या घरी."

ओल्डरिख गाडीत बसला.

नदीकाठच्या त्या घरात बोझेना म्हातारी एकटीच राहायची. तिचा नवरा तेरा वर्षांपूर्वीच्या पुरात गेला होता.

"आजी, आज भोंगा ऐकलात?" राद्काबाईंनी विचारलं.

म्हातारीने ओल्डरिखच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "न ऐकायला मी काय बहिरी आहे? खणखणीत वाजला की!"

राद्काबाई कागदावर खूण करून गाडीकडे गेल्या. ओल्डरिख उंबऱ्यातच घुटमळला.

"काकू, आज तो वाजलाच नाही."

"आज काय नि एरवी काय, मेल्या! इथे तो कधीच ऐकू येत नाही," सूप ढवळत ती म्हणाली. "पुरानंतर चौकशीला आले होते ना, तेव्हाही मी ऐकला असंच सांगितलं. तुझी पोरं लहान होती."