न केलेले लाड

उखर्डू साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलेना, म्हणून त्याला दाखवायला मी आणि त्याची आई झुंबरबाई शिरपूरहून एसटीनं धुळ्याला निघालो. मी गावच्या अंगणवाडीची बाई. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. रस्ताभर मी झुंबरबाईला फैलावर घेतलं. पोरगं मांडीवर आणि ही आपली खिडकीबाहेर बघतेय! एकदा तरी 'ती बघ गाय' म्हणावं? कसली दगडाच्या काळजाची आई, असंच वाटलं मला.

डॉक्टरांनी तपासलं. कान ठणठणीत होते.

"घरात याच्याशी कोण बोलतं?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नही," झुंबरबाई म्हणाली आणि रडायलाच लागली.

तिचे आधीचे दोन मुलगे वर्षाच्या आत गेले होते. आईचीच नजर लागते, असं सासूनं ठरवून टाकलं. म्हणून हा जन्मला तसा त्याला उकिरड्यावर ठेवून उचलला आणि नाव उखर्डू ठेवलं. आमच्याकडे एवढं पुष्कळ घरांत करतात, आणि मग लेकराला पोटाशी धरतात. झुंबरबाईनं धरलं नाही, हे तिनं तेव्हा सांगितलं. दूध पाजतानाही ती तोंड भिंतीकडे करायची. अंगाई नाही, हाक नाही, पापा नाही. बाकीचं घर दिवसभर शेतात.

"मन्हा दोन्ही पोरे मन्हा लाडमां गयात, अक्का. हाऊ उखर्डू जगाले पाहिजे व्हता."

डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाशी बोलाल, हसाल, तसा त्याचा मेंदू घडतो. आता रोज बोला. किती भरून निघेल, ते मात्र सांगता येणार नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर महिन्याला मीच त्याचं वजन करत होते, कार्डावर टिंब देत होते, 'छान' म्हणत होते. याच्याशी कुणी बोलतं का, हे मीही कधी विचारलं नाही.

बसस्थानकावर झुंबरबाईनं हळूच विचारलं, "आते बोलू का, अक्का? आते त नजर नही लागनार ना?"

"बोल गं बाई," मी म्हटलं.

तिनं उखर्डूला बाकावर समोर बसवलं. गालाला हात लावला.

"मन्हा सोना," ती म्हणाली.

उखर्डूनं तिच्याकडे पाहिलं. मग मान वळवून मागे पाहिलं, ती कुणाला बोलावतेय म्हणून.