मुद्देमाल, नग एक

वामनरावांनी काठी उगारेपर्यंत कोंबड्याने त्यांच्या पोटरीत नख रुतवलं होतं. पायजमा फाटला, त्याखालचं कातडं फाटलं, आणि सकाळच्या प्रार्थनेत भूतमात्रांवर प्रेम करण्याच्या ओळीपाशी पोचलेले अकरा वृद्ध ती ओळ तिथेच टाकून खुर्च्यांवर चढले. त्यातल्या तिघांना एरवी उंबरा ओलांडायलाही धरावं लागत असे.

“हाना ना साहेब! पाहून काय राह्यले?” हरिसिंग वॉकर आपटत ओरडला.

वामनरावांनी हाणला. काठी तुऱ्यावर बसली. कोंबडा आडवा झाला, उठला, मान झटकली, आणि भिंतीवरच्या ‘शांतता हेच औषध’ या पाटीवर रक्ताचे सात-आठ थेंब उडवून पुन्हा चालून आला. या खेपेस त्याने गुडघा धरला.

“याडी! काय जनावर आहे,” हरिसिंग आईचं नाव घेत म्हणाला. त्याच्या आवाजात भीती कमी आणि कौतुक जास्त होतं. चाळीस वर्षं हैदराबाद रोडवर ट्रक चालवलेल्या या बंजारा तांड्यावरच्या माणसाचा डावा हात अर्धांगाच्या झटक्याने लुळा पडला होता. उजव्या कानाची पाळी मात्र या कोंबड्याने तोडली होती, आणि ती तो आल्यागेल्याला दाखवत असे.

पांढरकवड्याच्या बाहेर, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या ‘सायंतारा’ वृद्धनिवासात हा कोंबडा रीतसर, कायदेशीर मार्गाने आला होता. प्राण्यांच्या सहवासाने वृद्धांचं मन रमतं, रक्तदाब उतरतो, असं विश्वस्तांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून आधी नागपूरहून महिन्यातून एकदा एक लॅब्राडोर येऊ लागला. त्याचं नाव बादशाह. सगळ्यांनी एका ओळीत बसायचं आणि पाळीपाळीने त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. दुसऱ्या वेळी कुत्रा झोपला. तिसऱ्या वेळी ओळ झोपली.

त्याच सुमारास जंगलाकडच्या एका वाडीवर कोंबड्यांच्या झुंजीवर छापा पडला. माणसं चाळीस होती, ती सगळी पळाली. सापडला तो एक कोंबडा. ठाण्यात त्याने तीन दिवसांत दोघांची बोटं फोडल्यावर हा मुद्देमाल कुठे ठेवावा, हा प्रश्न उभा राहिला. वृद्धनिवासाच्या अधीक्षिका दिपाली मॅडमना फुकटात प्राणी मिळत होता. फक्त सुपुर्दनाम्यावर कुणीतरी जबाबदार माणसाने सही करायची होती. वामनराव दारव्ह्याच्या कोर्टात चौतीस वर्षं होते, नाझर म्हणून निवृत्त झाले होते, आणि सही करण्याआधी कागद वाचणारे इमारतीत ते एकटेच होते. ‘कोंबडा, तांबडा-काळा, नग एक. हुकूम होईतो जिवंत व सुस्थितीत सांभाळीन आणि मागताच हजर करीन.’ त्यांनी वाचलं, सही केली, आणि मान वर केली तेव्हा नग एक त्यांच्या मनगटाला लोंबकळत होता.

नाव पडलं मुद्देमाल.

पहिल्या महिन्यात त्याने स्वयंपाकघरातल्या बोक्याचा एक डोळा काढला. दुसऱ्या महिन्यात बादशाह आला. त्याचं नाक उभं चिरलं गेलं आणि तो बायकांच्या हॉलमधून, दोन मच्छरदाण्या अंगावर घेऊन, थेट गाडीत जाऊन बसला. नागपूरच्या मंडळींनी नंतर फोन उचलला नाही. दिपाली मॅडमनी मलमपट्ट्यांचा खप पाहिला, कोंबड्याला तारेच्या पिंजऱ्यात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याचं दार उघडं सापडलं. हे आठ दिवस चाललं. कुणी उघडलं ते कुणालाच माहीत नव्हतं. चौकशीत एकवीसच्या एकवीस जण ठार बहिरे निघाले.

कारण चमत्कार होऊन राहिला होता. लोक पहाटे आपणहून उठत. काठ्या, छत्र्या, चपला घेऊन अंगणाच्या कडेला दबा धरून बसत. हरिसिंगची साखर उतरली. बोरी अरबच्या शकुबाई, ज्या खुब्याचं हाड मोडल्यापासून पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, त्या एका सकाळी खराटा घेऊन दारात उभ्या दिसल्या.

“मेल्या, काल माह्या पायाले टोचलं नं? ये, आज तुही तंगडीच मोडतो,” त्या म्हणत होत्या. आपण उभ्या आहोत हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

दिपाली मॅडमनी अहवालात लिहिलं, ‘लाभार्थी प्राण्याशी समरस झाले आहेत.’

वामनरावांना कारण निराळं वाटे, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. मुलगा आला की मोठ्याने, सावकाश बोले. नर्स गालाला हात लावी. बादशाहसुद्धा त्यांच्याकडे मोठ्या डोळ्यांनी, कीव आल्यासारखा बघे. या कोंबड्याला मात्र वामनराव दिसले की त्याच्या मानेची पिसं उभी राहत. हा माणूस आपला जीव घेऊ शकतो, असं मनापासून मानणारा जगात तो एकच उरला होता.

आणि ते खोटंही नव्हतं. एप्रिलात एकदा त्यांनी त्याला कोपऱ्यात गाठून मानेवर काठी आडवी दाबली. दाबत गेले. पंख फडफडले, मग फडफडायचे थांबले. वामनरावांच्या तोंडाला लाळ आली होती. चौतीस वर्षांत कुणावर आवाज न चढवलेल्या माणसाच्या घशातून कसलातरी आवाज येत होता, आणि त्यांना थांबायचं नव्हतं. कोंबड्याचा एक डोळा वर बघत होता. त्यात विनवणी नव्हती. ‘दाब,’ असंच त्यात होतं. काठी उचलली तेव्हा त्याने श्वास घेतला, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्यांचा अंगठा फोडला.

त्या दुपारी वामनराव दोन भाकरी जास्त जेवले.

मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, उकंडा आला. पन्नाशीचा, हळू बोलणारा, पांढऱ्या मिशांचा माणूस. कोंबडा त्याचा होता. छाप्यानंतर चार दिवसांनी पोलिसांनी उकंडाला घरून उचललं होतं, पण पुराव्याअभावी तो सुटला होता आणि मुद्देमाल परत देण्याचा हुकूम त्याच्या खिशात होता. दिपाली मॅडमनी त्याला वामनरावांकडे पाठवलं आणि, पुढचं पाहावं लागू नये म्हणून, भांडारात निघून गेल्या.

वामनरावांनी हुकूम वाचला. तारीख, शिक्का, सही. खोड काढायला जागा नव्हती.

“बरा आहे नं तो, साहेब?” उकंडाने विचारलं. “लेकरावानी वाढवला मी त्याले. बदाम चारले. आता येत्या रविवारी नदीपल्याड झुंज आहे.” त्याने खिशातून फडकं काढून उलगडलं. आत बोटभर लांबीचं पातं होतं, धागा गुंडाळलेलं. “हे बांधलं का समोरचा दोन मिनिटांत उभा चिरते. नाही तर हा चिरला जाते. एका जागी काय ते होऊन जाते.”

“हो,” वामनराव म्हणाले. “चला, देतो.”

मागताच हजर करीन, असं लिहून दिलं होतं. लिहून दिलेलं त्यांनी आजवर मोडलं नव्हतं. ते उठले. अंगणात कोंबडा नव्हता. हरिसिंग वॉकरला टेकून आभाळाकडे पाहत होता, आणि आभाळात काहीही नव्हतं.

“हरिसिंग, मुद्देमाल कुठंय?”

“मले काय मालूम? मी कानाने कमी ऐकून राह्यलो आजकाल.”

ते बायकांच्या हॉलमध्ये गेले. उकंडा मागोमाग. शकुबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर जाड गोधडी होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं. गोधडीवर त्यांनी दोन्ही हात दाबून धरले होते, आणि गोधडी श्वास घेत होती.

“मुद्देमाल?” वामनरावांनी विचारलं.

“मेला तो,” शकुबाई म्हणाल्या. “कालच. कुत्र्यानं नेला.”

वामनराव त्यांच्याकडे बघत राहिले. शकुबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. गोधडीच्या आत काहीतरी जोरात हिसकलं, शकुबाईंचे ओठ पांढरे झाले, पण हात हलले नाहीत.

“मेला म्हणजे?” उकंडा म्हणाला. “साहेब, तुमच्या भरवशावर होता तो. खरं काय ते तुम्ही सांगा.”

वामनरावांनी खुर्ची ओढली. खिशातून पेन काढलं, हुकूम पालथा केला, आणि कोर्टातल्या त्याच वळणदार अक्षरांत लिहिलं: ‘नग एक, मौजे मजकुरी भटक्या कुत्र्याने मारल्याने हजर करता येत नाही.’ खाली सही केली. सही जराशी मोठी आली.

“मेला,” ते म्हणाले.

उकंडाने कागद घेतला नाही. तो गोधडीकडे बघत होता.

“माही शीळ ऐकली का तो जिथं असन तिथून आरवते,” तो म्हणाला. “घालून पाहू का?”

पंखा फिरत होता. उकंडाने दोन बोटं ओठांपाशी नेली.

फरशीवर काहीतरी टपकलं. शकुबाईंच्या पायाच्या घोट्यावरून एक तांबडी रेघ खाली आली होती, आणि तिचा दुसरा थेंब पहिल्याच्या शेजारी पडला. मग तिसरा. शकुबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा बँकेत रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखा होता.

उकंडाने बोटं मिशीवरून फिरवली आणि खाली घेतली. पातं पुन्हा फडक्यात बांधलं.

“अशी जखम लवकर पिकते, माय,” तो म्हणाला. “हळद दाबून भरजा. लगेच.”

“कोणती जखम?” शकुबाई म्हणाल्या.

“नाही, असंच सांगतलं.” तो वामनरावांकडे वळला. “साहेब, कुत्र्यानं नेला, हे मले मंजूर आहे म्हणून सही लागत असन नं? कुठं करू?”

वामनरावांनी बोट ठेवून जागा दाखवली. उकंडा वाकून, अक्षर अक्षर जुळवत, आपलं नाव लिहू लागला. त्याने अजिबात घाई केली नाही. गोधडी पुन्हा हिसकली, आणि शकुबाईंनी त्याला विचारलं, “चहा घेसान का भाऊ?”