कोरी पोथी

"हाय का अक्षर?"

"न्हाई!" मांडवातली हजारभर माणसं एका आवाजात ओरडली.

महाराजांनी पोथीचं पान पुन्हा चौफेर फिरवून दाखवलं. दुसरं पान, तिसरं पान. शाईचा ठिपकाही नाही. "मायबापहो, नीट बघा. नंतर म्हणाल महाराज वाचून सांगतो. कोरी हाय का न्हाई?"

"कोरी!"

"मंग महाराज वाचतो काय?"

"आमचं नशीब!" पुढच्या रांगेतला एकजण पाठ केल्यासारखा बोलला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

देवणीहून उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्यावर तुरीचं एक जुनं गोदाम आहे. तिथं मांडव घालून दर गुरुवारी हा बाजार भरायचा. दारातच टेबल टाकून एक माणूस बसलेला. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, गाव असं वहीत लिहून घ्यायचा आणि टोकन द्यायचा. मग दोन तास बसा. देवाच्या दारात रांग असतेच, पण ह्या देवाला आधी नाव-गाव लागत होतं, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

मी बुद्धप्रिया. मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन होते, मी नांदेडला विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय भानामती. ज्या बाया अचानक भुंकतात, घुमतात, पडतात, त्यांची झोप, त्यांचं काम, त्यांची आजारपणं कशी असतात हे विचारत मी दीड वर्ष देवणी तालुक्यातली अकरा गावं पालथी घातली. चारशे बारा फॉर्म भरले. प्रत्येक बाईला म्हणाले, "तुमचं नाव कुठंच येणार नाही. माझा शब्द." बायांनी माझ्यापुढं मन मोकळं केलं. त्या गुरुवारी मी गोदामात गेले ती खरं सांगायचं तर गंमत बघायला.

तेवढ्यात टोकन पुकारलं गेलं आणि स्टेजवर करिश्मा चढली. शेंदोळवाडीची, बावीस वर्षांची सून. मागं तिची सासू रुक्मिणबाई. करिश्माला फिट येतात, घरचे त्याला भानामती म्हणतात. माझ्या अभ्यासातली ती सगळ्यात समंजस पोरगी.

महाराजांनी लाकडी पाट्यांमधली पोथी मांडीवर घेतली, पानं उलटत उलटत पार मागं गेले आणि थबकले. "आई, तुझ्या घरात विष शिरलंय. सुनेच्या हातानं. पांढऱ्या गोळ्या! भाऊ औशाहून आणून देतो. ठेवल्यात कुठं? तिळाच्या डब्यात. का? तर तीळ संक्रांतीलाच निघतात, तवर डब्याला कोन हात लावतंय!"

रुक्मिणबाईनं कपाळावर हात मारून घेतला. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला.

"भानामती गोळ्यांनीच चिकटून बसलीय. गोळ्या बंद. अंगारा चालू," महाराजांनी फर्मावलं.

करिश्मानं खाली बघितलं नाही. तिनं गर्दीतून मला शोधलं आणि सरळ माझ्याकडं बघितलं. बाहेर ऑटोजवळ तिनं मला गाठलं. "ताई, तुमीच सांगितलं ना?"

"नाही गं. खरंच नाही."

"मंग कोन? मी नवऱ्याला बी सांगितलं नव्हतं. फक्त तुमाला."

मी रुक्मिणबाईच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, मावशी, फिटच्या गोळ्या अशा एकदम तोडल्या तर जिवावर बेततं, डॉक्टरला विचारा. ती फणकारली, "तू दोनदा माझ्या घरी येऊन बसलीस, चहा पिलीस. तुला दिसला का डबा? महाराजाला हितं बसून दिसला. मंग शहाणं कोन?"

आठव्या दिवशी करिश्मा चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रुक्मिणबाई म्हणाली, भानामती निघताना चावतीच. मी औशाला तिच्या भावाकडं गेले, गोळ्या आणल्या आणि विहिरीवर गुपचूप तिच्या पुढ्यात धरल्या. तिनं हात मागं घेतला. "कुठं ठेवू, ताई? त्यास्नी सगळीकडलं दिसतं. परत धरलं तर सासू माहेरी घालवंल." आणि मग हळूच म्हणाली, "आन् खरंच भानामती आसंल तर?"

मला रडू आलं, रागही आला. ज्या पोरीनं घरभर विरोध असताना अक्कल शाबूत ठेवली होती, ती आता अंगारा चाटत होती. कोऱ्या पोथीवरचा तिचा विश्वास मोडल्याशिवाय ती गोळी तोंडात घालणार नव्हती.

मग मी मला येतं तेच केलं. पुढच्या गुरुवारी वही घेऊन मांडवात बसले आणि मोजलं. एकाहत्तर माणसं स्टेजवर गेली. बावन्न जणांना महाराजांनी काय सांगितलं? घरात शांती नाही, जवळच्यानं दगा दिला, गुडघा दुखतो. अहो, मराठवाड्यात पन्नाशीच्या बाईचा गुडघा दुखतो हे सांगायला त्रिकाळज्ञान कशाला पाहिजे? उरल्या एकोणीस. त्यांना मात्र नेमकं सांगितलं. कुणाचं तिसरं बाळंतपण कसं झालं, कुणी कुणाला विहिरीतून काढलं. मी घरी येऊन माझी यादी काढली. एकोणीसच्या एकोणीस बाया माझ्या यादीत होत्या. "तीळ संक्रांतीलाच निघतात" हे वाक्यही माझ्याच फॉर्मच्या 'इतर शेरा' या रकान्यात होतं, जसंच्या तसं.

गाईड सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "टायपिंगला देताना नावं काढली होतीस का?"

नव्हती काढली. सरांनी दोनदा बजावलं होतं. पण प्रबंध द्यायची घाई होती, चारशे बारा फॉर्मवरची नावं कोण झाकत बसणार? मी सगळा गठ्ठा उदगीरच्या बसस्टँडजवळ प्रीतमच्या टायपिंग सेंटरवर टाकून आले होते. त्याच दुकानात महाराजांचे बॅनर छापतात. त्या बॅनरखाली बसून मी प्रीतमचा चहाही प्यायले होते. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

प्रीतमला गाठलं तर तो गोड हसला. "मॅडम, कागद मोजून परत दिलेत. एक पान कमी असंल तर सांगा की." पान कमी नव्हतंच. फोटो काढला म्हणून पान कमी होत नाही. पुरावा शून्य.

तेव्हा ठरवलं, निदान ज्यांचा शब्द मोडला त्यांच्या दारात जाऊन माफी मागायची. दोन घरांनी दार लावून घेतलं. एकीनं शिव्या घातल्या, त्या मी मान खाली घालून ऐकल्या. मग शेंदोळवाडीच्या नागम्माकडं गेले. सत्तरीची, कपाळभर विभूती, जीभ तिखट. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसत सुटली.

"अय्यो! मंग माझा बी कागुद गेला म्हन की त्याच्याकडं. जाऊ दे. मी तर तुला सगळं खोटंच सांगितलं होतं."

"खोटं?"

"हाव. तू कागुद घेऊन आलीस, मला वाटलं निराधारच्या पगाराची चौकशी आली. पोरगा घरात हाय म्हनलं की पगार बंद. म्हनून म्हनलं, सिद्धलिंग हैदराबादला गेला, सात वर्सं झाली, तोंड दिसलं न्हाई. वर रडून बी दाखवलं."

"मावशी, मी तुमच्यासोबत रडले होते!"

"लई रडलीस. मला वाईट वाटलं बघ. म्हनून तर चहात साखर जास्त टाकली."

"आणि सिद्धलिंग कुठं होता तेव्हा?"

"मागं गोठ्यात. म्हैस धूत हुता."

एरवी मला घेरी आली असती. दीड वर्षाचं संशोधन, आणि आत काय काय भरलंय कुणास ठाऊक! पण त्या क्षणी मी नागम्माचे दोन्ही हात धरले. "मावशी, येत्या गुरुवारी गोदामात येता?"

"त्याला काय धाड भरली! येतो की."

गुरुवारी करिश्माही आली होती, हाताला फडकं गुंडाळून, रुक्मिणबाईच्या शेजारी. नागम्मानं दारात नाव लिहिलं, गाव लिहिलं. दोन तासांनी टोकन लागलं. ती काठी टेकत चढली आणि महाराजांपुढं फतकल मारून बसली.

"महाराज, माझ्या पोराचं सांगा."

पोथी उघडली. कोरी, कोरी, असा गजर झाला. पानं मागं मागं गेली. महाराजांचा आवाज ओला झाला. "आई, सिद्धलिंग नाव ना? सात वर्सं झाली. हैदराबादला गेला तो गेला. रोज जेवताना त्याचं ताट वाढतीस आन् रडतीस. भानामतीनं वाट बांधून टाकलीय त्याची. अकरा गुरुवार ये. पोरगा दारात उभा करतो."

"अकरा कशाला?" नागम्मा म्हणाली. "सिद्धू, ऊठ रे."

चौथ्या रांगेतून सहा फुटी सिद्धलिंग उठला. "अव्वा, लवकर आटप. म्हशीची धार काढायची हाय."

शेंदोळवाडीची माणसं आधी हसली. ती सगळी त्याला रोज बघतात. मग हसू मांडवभर पसरलं. महाराजांचा चेहरा उतरला, पण असली माणसं पटकन सावरतात. त्यांनी पोथी आपटून नागम्मावर बोट रोखलं. "म्हातारे, खोटं सांगितलंस तू! देवापुढं खोटं!"

"कवा सांगितलं?" नागम्मानं शांतपणे विचारलं. "हितं तर मी 'पोराचं सांगा' एवढंच म्हनलं. सांगितलं ते तुमीच. मी हे खोटं जन्मात एकदाच बोलले, ह्या पोरीपुढं. ते तुमाला कसं कळलं? देवाला कळायचं तर खरं कळंल. खोटं कसं कळतं त्याला?"

मी उठून स्टेजपाशी गेले. माझं नाव, माझे फॉर्म, प्रीतमचं दुकान, दारातली वही, सगळं सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. दोन सेवक माझ्या अंगावर धावून आले. पण त्यांच्या आधी रुक्मिणबाई स्टेजवर पोचली.

"पोथी बघू."

"आई, तिला हात लावायचा न्हाई. पाप लागंल," महाराज म्हणाले.

"कोरीच हाय ना? मंग बघू द्या की."

तिनं पोथी धरली, महाराजांनी ओढली. त्या झोंबाझोंबीत पाट्या सुटल्या आणि आतून एक फोन सटकून माझ्या पायाशी पडला. पोथीची पुढची पानं खरोखर कोरी होती. मागची पानं मधोमध चौकोनी कापून फोनपुरता खड्डा केला होता. दारातला माणूस नाव कळवायचा आणि यादीत सापडलं तर त्या फॉर्मचा फोटो महाराजांच्या मांडीवर यायचा. नाही सापडलं तर गुडघा दुखायचा. पडद्यावर माझंच अक्षर होतं, फॉर्म क्रमांक दोनशे आठ. खाली मी शेरा मारला होता तो मी मोठ्यानं वाचला: "मुलाच्या आठवणीनं माहितीदार भावुक झाल्या."

"लईच," नागम्मा म्हणाली.

महाराज मागच्या दारानं गाडीत बसून गेले. आम्ही ठाण्यात तक्रार दिली, तिचं काय व्हायचं ते होईल. प्रीतमचं दुकान अजून चालू आहे. आणि सगळ्यांचे डोळे उघडले असं समजू नका. अंगाऱ्याची पुडी पदराला बांधत एक बाई मला म्हणाली, "फोनात बी देवच दावतो ना, बाई." तिला कधी कुणी खरं औषध मिळवून दिलं होतं?

दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाई स्वतः करिश्माला उदगीरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या आता डब्यात नसतात, चुलीजवळच्या फळीवर सगळ्यांच्या देखत असतात. हात मात्र भाजला तो भाजला. बोटं पूर्ण मिटत नाहीत. त्या हाताकडं बघताना मला महाराजांचा जेवढा राग येतो, तेवढाच माझा येतो.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या मनातलं कुणी ओळखलं, तर पाया पडायच्या आधी एकच प्रश्न विचारा: हे मी याआधी कुणाकुणाला सांगितलं होतं? उत्तर तिथंच सापडतं. चालू औषध कुणी बंद करायला लावलं, तर आधी डॉक्टरला विचारा. आणि कागद घेऊन माझ्यासारखी कुणी तुमच्या दारात आली, तर तिलाही विचारा: बाई, हा कागद पुढं कुणाच्या हातात जाणार? ती चिडली तर चिडू द्या.

मी सगळे फॉर्म ज्याचे त्याला परत करायला निघाले. करिश्माच्या पुढ्यात तिचा ठेवला. म्हटलं, फाड, जाळ, तुझा आहे. तिनं तो शेवटपर्यंत वाचला. मग डाव्या हातानं वरची नावाची पट्टी तेवढी फाडली, चुलीत टाकली आणि उरलेला कागद माझ्या हातात दिला.

"हे ठेवा, ताई. माझ्यासारखी दुसरी कोनी आसंल तर तिच्या कामाला यील. नाव तेवढं जळू द्या."