साहेबांचं औक्षण

दत्तात्रेयअण्णांना एकदा सुचलं की सुचलं! रेल्वेतून निवृत्त झाले, पण हिंदी मुलखातल्या नगरा वस्तीतल्या मराठी मंडळाचं सेक्रेटरीपण काही सुटेना. यंदा गणपतीच्या आरतीला त्यांनी पाहुणे म्हणून बोलवावं कोणाला? आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांना! करोनात भरती केलेल्या साऱ्या नर्सेसना ज्यांनी घरी बसवलं, त्यांनाच. अण्णांची सून मनस्वी त्या नर्सेसमधलीच एक होती.

"औक्षण तूच कर," अण्णा म्हणाले. "मान दिला की माणूस विरघळतो. नोकरीचं मी बोलतो."

मनस्वीच्या अंगाचा तिळपापड झाला. इलाइट चौराह्यावर तिच्या मैत्रिणी उन्हातान्हात धरणं धरून बसलेल्या. कामावर परत घेतलं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही, अशी सगळ्यांनी मिळून शपथ घेतलेली. आणि हिने त्याच साहेबांना ओवाळायचं? साथीत या पोरी मढी गुंडाळत होत्या तेव्हा हेच साहेब फोनवर 'बेटा, बेटा' करायचे. साथ ओसरली आणि कुठला बेटा, कुठलं काय!

पण घरात रोज तेच दळण. नवरा म्हणाला, "पापा का मन रख लो ना." शेवटी ती वैतागून तयार झाली. "पण अण्णा, बोलायचं ते सगळ्यांसाठी. माझ्या एकटीसाठी नाही."

"हो गं बाई, सगळ्यांसाठी!"

मांडवात तिने साहेबांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. मंडळाची पोरं सगळं फेसबुकवर लाइव्ह दाखवत होती. साहेब खुशीत आले आणि त्यांनी माइक धरला.

"लोग कहते हैं, नर्सें नाराज हैं. अरे, आपकी नर्स बहू ने अभी हमारी आरती उतारी! कहाँ है नाराजगी? और बहू को तो हम कल ही वापस ले लेंगे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मनस्वीचा फोन वाजला. धरण्यावर रोज तिच्या शेजारी बसणाऱ्या मधूचा मेसेज होता: 'मुबारक हो, दीदी.'

मनस्वीने तबक आपटलं आणि साहेबांच्या हातातला माइक हिसकावून घेतला. "साहब, मैं अकेली नहीं आऊँगी! सबको..."

"आरती! अरे, आरती सुरू करा!" अण्णा ओरडले.

झांजा खणखणल्या. कोणीतरी माइकची वायर काढली. मनस्वी बेंबीच्या देठापासून ओरडत होती, पण ऐकतंय कोण? आरतीत मधे बोलायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अण्णा डोळे मिटून गात होते. सुनेची नोकरी आपण परत मिळवून दिली, याचं समाधान त्यांच्या तोंडावर नुसतं ओसंडत होतं. तिला त्यांचा राग राग आला, आणि रडूही आलं.

ती गप्प झाली. मोबाइल तिच्याकडेच रोखलेले होते. आणि लहानपणापासूनची मेली सवय! आरती चालू होती, तिचे हात आपोआप टाळ्या वाजवू लागले. शेजारी साहेबही वाजवत होते, अगदी तिच्याच ठेक्यात.