शंभर वर्षं काही होणार नाही

मित्रांनो, मी एक जुनी सनद आहे. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. वय वर्षे चौदा. पण माझ्या तोंडावर एक सुरकुती दाखवलीत तर नाव बदलीन. याचं कारण ऐकून तुम्ही हसाल. मला हसता येत नाही, माझे ओठ चिकटवलेले आहेत.

जन्मले तेव्हा मी जाड, खरखरीत कागद होते. खाली लाल शिक्का, त्याशेजारी ओली सही. नुकत्याच वकील झालेल्या एका मुलीनं मला छातीशी धरलं आणि तडक आपल्या मामांच्या दुकानात नेलं. मामांचं दुकान झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं. या माणसाचा प्लास्टिकवर भारी जीव! त्यांनी लग्नपत्रिका लॅमिनेट केल्या, झाडाची पानं केली, आणि एकदा मशीनवर बसलेला डासही केला. तो डास अजून दुकानात टांगलेला आहे आणि गिऱ्हाईक नसलं की गुणगुणतो. खोटं वाटत असेल तर डासालाच विचारा.

"आण इकडे, ठकू," मामा म्हणाले. "आपल्या घरातली पहिली वकील! सनदेला पाणी लागायला नको, वाळवी लागायला नको."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. त्यांच्या अंगठ्याची काळी शाई माझ्या कोपऱ्यावर उमटली, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी मशीनमध्ये शिरले आणि पलीकडून चकचकीत, गरम आणि मुकी होऊन बाहेर पडले.

"शंभर वर्षं हिला काही होणार नाही!" मामांनी जाहीर केलं.

पुढची तेरा वर्षं मी वकीलबाईंच्या खुर्चीमागे भिंतीवर होते. एका खोटारड्या अशिलाला माझ्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि तो घाबरून खरं सांगून मोकळा झाला, असा माझा दरारा. एकदा छत गळलं, फायलींचा लगदा झाला, मी मात्र कोरडी ठणठणीत. मामा महिनाभर गावभर सांगत होते.

मग वकीलबाईंच्या नवऱ्याची परदेशी बदली झाली. मी दोन स्वेटरांच्या मधे झोपून विमानानं गेले. तिथे वकिली करायची तर आधी सनद तपासून घ्यायची, मग परीक्षेला बसायचं. अर्जाच्या मुदतीला एक महिना उरला होता. बाईंनी कागद क्रमानं लावले आणि इस्त्रीचा कोट घालून कचेरीत गेल्या.

खिडकीतल्या बाईनं मला उलटं केलं आणि नखानं खरवडलं. मला गुदगुल्या झाल्या.

"हे प्लास्टिक काढा. मूळ कागदाच्या पाठीवर शिक्का मारायचा असतो."

"निघत नाही हो ते. पण आतलं सगळं स्वच्छ दिसतंय ना?"

"दिसतंय की. शिक्का बसत नाही. दुसरी प्रत आणा."

वकीलबाईंनी मायदेशी, सनद देणाऱ्या कचेरीला पत्र लिहिलं, सोबत माझा फोटो जोडला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सनद हरवली, फाटली किंवा पुसट झाली तरच दुसरी मिळते. फोटोवरून आपली सनद उत्तम स्थितीत दिसते. सबब, अर्ज नामंजूर.

"हरवली म्हणून लिही," नवरा म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"वकील आहे मी. कागदावर खोटं लिहू?"

"इथे कुठे आहेस अजून वकील?" तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बाईंनी मामांना फोन लावला. "मामा, लॅमिनेशन उघडायचं कसं रे?"

"उघडतं ते शेजारच्या दुकानातलं! माझं नाही उघडत." मामा खो खो हसले. मग आवाज बारीक झाला. "का गं? सनदेला काही झालं का?"

"नाही मामा. सहज विचारलं."

फोन ठेवून बाईंनी माझ्यावर टॉवेल घातला, इस्त्री फिरवली आणि कोपऱ्यात ब्लेड सरकवलं. प्लास्टिक सुटेना, कागदाचाच पापुद्रा उचलला जाऊ लागला. मी आतून ओरडत होते, "फाडा! फाडा मला, म्हणजे नवी मिळेल!" पण चिकटलेल्या तोंडातून आवाज कसा फुटणार? तेवढ्यात बाईंना त्या पापुद्र्यावर मामांचा काळा अंगठा दिसला. त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं. कोपरा दाबून पुन्हा चिकटवला, आणि कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून बसल्या.

तारीख गेली. आता वकीलबाई एका वकिलाच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या कागदांच्या झेरॉक्स काढतात. मी कपाटात स्वेटरांखाली असते.

मित्रांनो, तुमच्या महत्त्वाच्या कागदांवर खूप माया करा; पण त्यांची पाठ मोकळी ठेवा. पुढे कुठे, कोण तिच्यावर शिक्का मारायला मागेल, सांगता येत नाही.

दर रविवारी मामांचा फोन येतो. "ठकू, सनद कशी आहे? काही झालं नाही ना तिला?"

"नाही मामा," बाई सांगतात. "काही झालं नाही."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" मामा खूश होतात.

खरंच म्हटलं होतं. अजून शहाऐंशी वर्षं बाकी आहेत.