जेद्दा ते नागपूर

शुक्रवारी पहाटे शकील मिस्त्री गेला, तेव्हा पांढरकवड्यातल्या आयाबायांनी त्याला नशीबवान ठरवून टाकलं. जुम्म्याचं मरण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही म्हणे. त्याच्या बायकोला, जमिलाला, त्या नशिबाचं काही सुचत नव्हतं. अब्रार येईपर्यंत मय्यत थांबवावी, पोरानं बापाचं तोंड पाहावं, आपल्या हातानं मिट्टी द्यावी, एवढंच तिला हवं होतं.

अब्रारही बापासारखा जिनिंगचा मिस्त्री. पण कापसाचे दिवस फिरले, तालुक्यातल्या जिनिंगा एकामागून एक बंद पडल्या, आणि पोरगा जेद्दाला गेला.

दीर शहजादनं नागपूरच्या तिकीटवाल्याला फोन लावला. अंतर चार हजार किलोमीटरच्या वर. जेद्दा ते मुंबई पाच तास, मुंबई ते नागपूर दीड तास. अंगणातल्या पुरुषांनी लगेच हिशोब मांडला. आपली माणसं हिशोबात भारी हुशार! जन्म एसटीत गेलेला, म्हणून विमानही एसटीच धरलं: फाट्यावर उभं राहायचं, आलं की चढायचं. पुढे नागपूरहून जीपनं तीन तास. म्हणजे संध्याकाळी पोरगा दारात. जमिलाचा जीव भांड्यात पडला. दुपारच्या नमाजनंतरचं दफन संध्याकाळवर ढकललं, बर्फाच्या लाद्या आणवल्या.

मग अब्रारचा फोन आला. पासपोर्ट मालकाकडे, आणि जुम्म्याची सुट्टी म्हणून मालक गावाबाहेर, फोनही उचलत नाही. ज्या जुम्म्यानं बापाला नशीबवान केलं, त्यानंच पोराला तिकडे अडवून धरलं होतं. जमिलाला त्या दिवसाचाच राग आला, आणि राग आला म्हणून भीतीही वाटली.

मे महिना. तीन वाजेस्तोवर बर्फाचं पाणी झालं. मौलवीसाहेबांनी निरोप धाडला, की मय्यतीला असं ताटकळत ठेवणं बरं नाही. शहजाद तिच्यापुढे येऊन बसला.

"भाभी, आता नाई थांबवता येत."

जमिला भांडलीही असती, पण कोणाशी भांडायचं? तिनं मान हलवली.

बायका कबरस्तानात जात नाहीत. शहजादनं आपला मोबाइल तिच्याकडे दिला आणि जनाजा निघून गेला. दिवस मावळताना माणसं परतली, शहजाद मातीचे हात घेऊन मोरीकडे निघाला, तोच फोन वाजला.

"अम्मी, मालक आला. पासपोर्ट भेटला. रातच्या विमानात बसतो, सकाळी नागपूर." अब्रारला धाप लागली होती. "अब्बाले ठेवलं नं?"

शहजाद जागीच थांबला. सांगून टाक, असं त्यानं खुणावलं. जमिलानं तोंड उघडलं. खरं सांगितलं तर पोरगा विमानातले ते तास अनोळखी लोकांच्या मधोमध बसून रडेल, आणि त्याला पाणी पाज म्हणणारंही कोणी नसेल. चार हजार किलोमीटरवरून तिला एवढंच करता येत होतं.

"ये बेटा," ती म्हणाली. "आमी तुयी वाट पाहून राह्यलो."